चार्जर नेमका लावायचा कुठे?

शहरात इलेक्ट्रिक गाड्या वाढवायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘चार्जिंग स्टेशनं किती आहेत?’ प्रश्न रास्त वाटतो, पण त्याच्यामागे पेट्रोल पंपाचं चित्र असतं. टाकी रिकामी झाली, पंपावर गेलो, पाच मिनिटांत भरून निघालो. गाडीतली बॅटरी अशी भरत नाही. ती मोबाइलसारखी भरते : आपण झोपेत असताना, एका कोपऱ्यात, कुणाचं लक्ष नसताना. खासगी गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास नुसती उभी असते. तेव्हा विचारायचं ते हे, की गाडी जिथे उभी राहते तिथे वीज आहे का? शहरांची धोरणं कुठे जमतात आणि कुठे फसतात, याचा बराचसा उलगडा या एका प्रश्नात होतो.

आधी थोडा हिशोब करू, कारण या विषयातली निम्मी भीती हिशोब न केल्यामुळे आहे. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट वीज खर्च होते. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर धरलं तर दिवसाची गरज सहा युनिटांची. गिझर किंवा एसी ज्या जाड पिनेच्या सॉकेटवर चालतो, तिथून तीन-सव्वातीन किलोवॅट वीज मिळते. म्हणजे दोन तासांत दिवसाची भरपाई झाली, आणि रात्रीचे उरलेले तास गाडी नुसतीच वायर लावून उभी. स्कूटरचं काम तर याच्या पाचव्या हिश्शात भागतं.

हळू चार्ज करणारा चार्जर म्हणजे खरं तर एक शहाणा सॉकेट. तो वीज सुरक्षितपणे सोडतो, मोजतो, गरज पडली तर तोडतो. घरातली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलत वाहणारी असते, बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी लागते, आणि हा बदल करणारं छोटं यंत्र गाडीच्या पोटातच बसवलेलं असतं. ते छोटं आहे म्हणूनच वेग बेताचा. फास्ट चार्जर हा बदल बाहेर, कपाटाएवढ्या यंत्रात करतो आणि डीसी वीज थेट बॅटरीत ढकलतो. तो ५० किलोवॅटचा असतो, १५०चा असतो, महामार्गावर ३५०चाही असतो. ६० किलोवॅटच्या एकाच चार्जरचा भार एखाद्या छोट्या इमारतीएवढा होतो. शिवाय बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की वेग मंदावतो. नाट्यगृहात पहिले प्रेक्षक पटापट बसतात, शेवटच्यांना रिकामी खुर्ची शोधत लोकांचे गुडघे ओलांडत जावं लागतं, तसंच काहीसं. म्हणून फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतरही गाडी लावून ठेवणारा माणूस मागच्या रांगेचा वेळ खातो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्याकडून थांबण्याचे वेगळे पैसे घेतले जातात ते त्यासाठीच.

आता शहराच्या हातात काय असतं ते पाहू. बॅटरी किती स्वस्त व्हावी, आयात शुल्क किती असावं, प्राप्तिकरात सूट द्यायची का, हे बहुतेक देशांत राष्ट्रीय सरकार ठरवतं. शहराकडे असतो रस्ता, फुटपाथ, पार्किंगची जागा, बांधकाम परवानगी, स्वतःच्या बसगाड्या आणि कोणती गाडी कुठे येऊ द्यायची हा अधिकार. यादी लहान दिसते. पण गाडी जिथे उभी राहते त्या जवळपास प्रत्येक जागेवर शहराचा काही ना काही हक्क पोहोचतो.

सर्वांत स्वस्तातलं काम बांधकाम परवानगीत लपलेलं आहे. नवी इमारत उभी राहत असताना पार्किंगमध्ये पाइप आणि केबल टाकून ठेवायला फारसा खर्च येत नाही. तीच केबल दहा वर्षांनी टाकायची तर स्लॅबला भोकं पाडा, फरशी उखडा, पॅनेल बदला. कॅनडातल्या व्हँकुव्हरने २०१९पासून नव्या निवासी इमारतींमधली रहिवाशांची प्रत्येक पार्किंग जागा चार्जिंगसाठी तयार असली पाहिजे असा नियम केला. तिथे चार्जर लावलेलाच हवा असं नाही, वीज तिथवर आलेली हवी. इंग्लंडने जून २०२२पासून, पार्किंग असलेल्या नव्या घराला चार्जरच सक्तीचा केला. मला व्हँकुव्हरचा नियम जास्त शहाणपणाचा वाटतो. चार्जर दहा वर्षांत जुना होतो, भिंतीतली केबल होत नाही.

जुन्या इमारतींचं दुखणं वेगळं. तिथे तांत्रिक अडचणीपेक्षा शेजारी मोठे. पार्किंग माझं, पण भिंत सगळ्यांची, मीटरची खोली सगळ्यांची, आणि सभेत एक जण उठून विचारणार की उद्या आग लागली तर जबाबदार कोण. म्हणून कॅलिफोर्नियात आणि २०२०च्या डिसेंबरपासून जर्मनीत कायद्याने रहिवाशाला चार्जर बसवण्याचा हक्क दिला. खर्च त्याने करायचा, सुरक्षेचे नियम पाळायचे, बाकीच्यांनी कसं बसवायचं यावर अटी घालायच्या, पण सरसकट ‘नाही’ म्हणायचं नाही. अनुदानाचा एक पैसाही न देता उपयोगी पडणारं हे धोरण आहे.

दुसरी शंका असते ट्रान्सफॉर्मरची. समजा, एका इमारतीत ५० इलेक्ट्रिक कार आहेत. संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी येऊन सात-सात किलोवॅटचे चार्जर चालू केले तर ३५० किलोवॅटचा भार एकदम येईल, आणि तेवढ्यासाठी नवा ट्रान्सफॉर्मर लागेल. पण प्रत्येक गाडीची गरज आहे सहा युनिटांची. पन्नास गाड्यांची मिळून ३००. ती वीज रात्रीच्या दहा तासांत वाटून दिली तर सरासरी भार येतो फक्त ३० किलोवॅट. गाड्या त्याच, वीज तेवढीच, भार दहापट कमी. फरक एवढाच की सगळ्या चार्जरांना एकमेकांशी बोलतं करणारी एक यंत्रणा हवी, जी पाळीपाळीने वीज सोडेल. तिला भार नियोजन म्हणतात. पुढेमागे बाराही महिने तापणारा ट्रान्सफॉर्मर बदलायचा नसेल, तर इमारतीतला पहिला चार्जर बसवतानाच ही यंत्रणा ठरवून टाकावी. सुट्या वायरी ओढून दहा-बारा चार्जर बसल्यावर मग एकत्र यायचं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

हाच हिशोब शहराच्या पातळीवर लागू होतो. लोक घरी परततात ती वेळ आणि विजेच्या मागणीचा कळस एकच. रात्री उशिरा किंवा दुपारी सौरऊर्जा भरपूर असताना वीज स्वस्त ठेवली की गाड्या आपोआप त्या वेळेला सरकतात, कारण मालकाला फक्त टायमर लावायचा असतो. ॲमस्टरडॅमने रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जरांवर हा प्रयोग केला : संध्याकाळच्या गर्दीत वेग कमी, इतर वेळी, विशेषतः ऊन असताना, नेहमीपेक्षा जास्त. रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला याने काहीच फरक पडत नाही.

इथवर ज्यांना स्वतःचं पार्किंग आहे त्यांचं झालं. खरी कसोटी आहे ती रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांची. जुन्या, दाट वस्तीच्या शहरात अशी माणसं लाखांनी असतात. त्यांची सोय झाली नाही तर इलेक्ट्रिक गाडी ही बंगलेवाल्यांची चैन होऊन बसते, आणि अनुदानाचा पैसा ज्यांना गरज नाही त्यांच्याकडेच जातो.

इथे ‘अंडं आधी की कोंबडी’ हा घोळ होतो. चार्जर नाहीत म्हणून लोक गाडी घेत नाहीत, गाड्या नाहीत म्हणून कुणी चार्जर लावत नाही. ॲमस्टरडॅमने यातून साधा मार्ग काढला. ज्याच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे पण स्वतःचं पार्किंग नाही, त्याने शहराकडे अर्ज करायचा. जवळपास चार्जर आहे का ते शहर बघतं, नसेल तर रस्त्यावर बसवतं. तो त्या माणसाच्या मालकीचा नसतो, अगदी दारातही नसतो, कुणीही वापरू शकतो. त्यामुळे चार्जर तिथेच उगवतात जिथे गाडी खरोखर आहे. नकाशावर समान अंतराने टाचण्या टोचून धूळ खात पडलेली यंत्रं उभी करण्यापेक्षा हे बरं. याला एक मर्यादा आहे, आणि ती छोटी नाही : अर्ज करतो तो आधीच गाडी घेऊ शकणारा माणूस. म्हणून नुसत्या मागणीवर विसंबलं तर गरीब वस्त्या कोऱ्याच राहतात. काही चार्जर मागणीच्या आधी, मुद्दाम, तोट्यात गेले तरी चालतील अशा तयारीने लावावे लागतात.

लंडनने दिव्याचे खांब वापरले. खांबापर्यंत वीज आधीच आलेली, त्यामुळे रस्ता खणायला नको. जुन्या, जास्त वीज खाणाऱ्या दिव्यांच्या जागी एलईडी आले तशी त्याच केबलमध्ये जागा मोकळी झाली, आणि खांबाच्या बुंध्यात एक छोटा सॉकेट बसला. २०२०मध्ये वेस्टमिन्स्टर भागातल्या सदरलँड अव्हेन्यूवरचे खांब असे बदलले गेले. वेग अगदी बेताचा, पाचेक किलोवॅट. पण रात्रभर उभ्या गाडीला आणखी काय हवं? लॉस एंजेलिसच्या पथदिवे विभागानेही हाच रस्ता धरला. अट एकच : खांब फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला हवा. तो घराच्या भिंतीकडे असेल तर केबल फुटपाथवर आडवी येते, आणि काठी टेकत चालणारा माणूस त्यात अडकतो. ऑक्सफर्डमध्ये यासाठी फुटपाथमध्ये बोटभर रुंदीची पन्हळ कोरून घरातली केबल तिच्यातून गाडीपर्यंत नेण्याचा प्रयोग झाला.

आधीच अरुंद असलेल्या फुटपाथवर फ्रीजएवढा चार्जर उभा करून ‘हरित शहर’ अशी पाटी लावणं मला पटत नाही. जागा घ्यायची तर ती पार्किंगमधून घ्यावी. चालणाऱ्याने आधीच बरंच सोडलं आहे.

फास्ट चार्जर मग कुणासाठी? दिवसभर फिरणाऱ्यांसाठी. टॅक्सी, सामान पोहोचवणारे टेम्पो, लांबून आलेले प्रवासी. या लोकांना रात्रीची भरपाई पुरत नाही, आणि त्यांच्यासाठी थांबलेला तास म्हणजे बुडालेली कमाई. इथे शहराने जागा द्यावी, वीजजोडणी आणि परवानग्यांची कागदपत्रं एकाच खिडकीत उरकावीत आणि बाजूला व्हावं. कधी कधी अडसर कायद्याच्या एका शब्दात असतो. वीज विकायला परवाना लागतो, मग चार्जिंग म्हणजे वीज विकणं झालं का? भारतात ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८मध्ये खुलासा केला की चार्जिंग ही सेवा आहे, त्यासाठी वीज विक्रीचा परवाना नको. एका पत्रकाने दुकानदारापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांना दार उघडलं.

दुचाकींसाठी आणखी एक वाट आहे, बॅटरी बदलण्याची. तैवानमध्ये गोगोरो कंपनीने २०१५पासून रस्तोरस्ती कपाटं उभी केली. रिकामी बॅटरी आत सरकवायची, भरलेली उचलायची, निघायचं. कारची बॅटरी काही क्विंटल वजनाची असते, त्यामुळे तिथे हे अवघड. पण हाताने उचलता येणाऱ्या बॅटरीला, आणि दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर मारणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांना, हे बरोबर बसतं. अट अशी की वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एकाच मापाच्या हव्यात. त्यावर कंपन्यांचं एकमत होणं सोपं नाही.

चार्जर लावताना फोटो निघतात, बिघडल्यावर कुणी येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या सार्वजनिक फास्ट चार्जरांची २०२२मध्ये संशोधकांनी जागेवर जाऊन तपासणी केली, तेव्हा जेमतेम पाऊण भाग चालू निघाले. कुठे स्क्रीन बंद, कुठे पैसे घेणारी यंत्रणा ठप्प, कुठे केबलच गाडीपर्यंत पोहोचेना. यानंतर नियम बदलू लागले. अमेरिकेत केंद्रीय निधीतून उभारलेल्या चार्जरांना ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अट लागली. ब्रिटनने फास्ट चार्जरांच्या जाळ्यांसाठी ९९ टक्क्यांची अट घातली. युरोपीय संघाने एप्रिल २०२४पासून नव्या मोठ्या चार्जरांवर साध्या बँक कार्डाने पैसे घेणं सक्तीचं केलं, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप मोबाइलमध्ये भरून माणूस वैतागला होता. शहराने कंत्राट देतानाच हे लिहून घ्यावं. आणि अनुदान द्यायचंच तर चार्जर बसवल्याबद्दल सगळं एकदम देऊ नये, चालू राहिल्याबद्दल हप्त्याने द्यावं.

कंत्राटदारच गेला तर काय, हेही आधी ठरवावं. पॅरिसने डिसेंबर २०११मध्ये ‘ऑटोलिब’ नावाची भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांची योजना सुरू केली. रस्त्यावर जागा शहराने दिल्या, गाड्या आणि चार्जर खासगी कंपनी चालवायची. तोटा कुणी भरायचा यावरून वाद पेटला आणि जुलै २०१८अखेर योजना बंद पडली. इतर गाड्यांनाही उपयोगी पडणारे ते चार्जर शहराला परत ताब्यात घेऊन नव्याने मार्गी लावावे लागले.

आता सवलतींकडे. इथे सगळ्यात रंगतदार गोष्ट नॉर्वेची. १९८९मध्ये तिथल्या आ-हा या पॉप बँडमधले दोघे आणि बेलोना या पर्यावरण संस्थेचा फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी केलेली एक फियाट पांडा आणली आणि टोल न भरता नाक्यावरून हाकायला सुरुवात केली. दंड होत गेला, त्यांनी भरला नाही, गाडी जप्त झाली, लिलाव झाला, आणि बोली लावायला दुसरं कुणीच नसल्यामुळे त्यांनीच ती परत घेतली. तमाशा होता, पण कामी आला. पुढच्या वर्षांत खरेदी करात माफी, टोलमाफी, फुकट पार्किंग, २००१पासून मूल्यवर्धित करात माफी आणि मग बसच्या मार्गिकेतून जाण्याची मुभा मिळाली. २०२४मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या कारांपैकी जवळजवळ ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या.

यातली बसच्या मार्गिकेची मुभा बारकाईने बघण्यासारखी आहे. सरकारचा एक पैसा खर्च होत नाही, आणि रोज सकाळी अर्धा तास वाचला तर तो माणसाला करसवलतीपेक्षा गोड लागतो. पण गाड्या वाढल्या तशा बसच त्यात अडकू लागल्या. ओस्लोकडे येणाऱ्या रस्त्यांवर मग नियम आला : गर्दीच्या वेळी सोबत निदान एक प्रवासी असेल तरच बसच्या मार्गिकेत या. टोलमाफीही हळूहळू आखडत गेली. लंडनमध्ये शहराच्या मध्यभागात गाडी आणण्यासाठी गर्दी कर भरावा लागतो, त्यातली इलेक्ट्रिक गाड्यांची पूर्ण सूट २०२५च्या डिसेंबरात संपली. हजार गाड्यांसाठी दिलेली सवलत लाख गाड्यांना पेलत नाही, आणि एकदा हातात पडलेली सवलत कुणी हसत परत देत नाही. म्हणून ती कधी संपणार, किती गाड्या झाल्यावर आखडणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं बरं. शांघायमध्ये पेट्रोल कारच्या नंबर प्लेटसाठी लिलावात मोठी रक्कम मोजावी लागते. इलेक्ट्रिक गाडीला ती फुकट मिळायची, आणि बॅटरी-पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या प्लग-इन गाड्यांनाही. २०२३च्या सुरुवातीला प्लग-इनची सवलत काढून घेतली गेली.

सवलतीची दुसरी बाजू म्हणजे निर्बंध. लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्रात ठरावीक दर्जाच्या खालच्या गाडीला रोजचा आकार द्यावा लागतो. २०१९मध्ये शहराच्या मध्यभागात सुरू झालेलं हे क्षेत्र ऑगस्ट २०२३पासून सगळ्या लंडनभर पसरलं, आणि त्यावरून राजकारण चांगलंच तापलं. नेदरलँड्सच्या अनेक शहरांनी जानेवारी २०२५पासून मालवाहू गाड्यांसाठी शून्य-उत्सर्जन क्षेत्रं सुरू केली. मालवाहतुकीपासून सुरुवात करणं हुशारीचं आहे. टेम्पो दिवसभर फिरतो, धूर जास्त ओकतो, रात्री डेपोत उभा राहतो, आणि त्याचा मालक नफ्यातोट्याचं गणित मांडून निर्णय घेतो.

तोच न्याय बसगाड्यांना. एक बस रोज २०० किलोमीटर धावते आणि दिवसभरात शेकडो माणसं वाहते. चीनमधल्या शेनझेनने २०१७च्या अखेरीपर्यंत सोळा हजारांहून जास्त बस, म्हणजे आपला सगळाच ताफा, विजेवर आणला, आणि टॅक्सीही पाठोपाठ बदलल्या. पण डेपोचा हिशोब करून बघा. किलोमीटरला सव्वा युनिट धरलं तर एका बसला रात्रीत २५० युनिट, १०० बसना २५ हजार. सहा तासांत द्यायची तर चार मेगावॅटहून जास्त भार. एवढ्या विजेला वेगळं उपकेंद्र लागतं, आणि ते उभारायला बस विकत घेण्यापेक्षा जास्त वेळ जातो. बस आली, वीज आली नाही, अशी फजिती त्यातूनच होते. पैशाच्या अडचणीवर चिलीतल्या सांतियागोने वेगळा तोडगा काढला : बस विकत घ्यायच्या वीज कंपनीने, चालवायच्या बस कंपनीने, आणि भाड्याची हमी सरकारची. महागडी बस घेण्याचा धोका छोट्या चालकाच्या डोक्यावर राहिला नाही.

इलेक्ट्रिक कार धूर सोडत नाही, पण रस्त्यावर जागा तेवढीच अडवते. ओस्लोने २०१७ ते २०१९ या काळात शहराच्या मध्यभागातल्या रस्त्यांवरची सुमारे ७०० पार्किंगची ठिकाणं काढून टाकली. इलेक्ट्रिक गाड्या तेव्हा तिथे भराभर खपत होत्या. मोकळ्या झालेल्या जागी सायकलचे मार्ग आले, झाडं आली, बसायला बाकं आली. जी थोडी पार्किंगं ठेवली ती मुख्यतः अपंगांसाठी, आणि काही चार्जिंगसाठी.